खुराडं गरम करू नका, कोरडं ठेवा

ताईंचा प्रश्न थोडक्यात असा. मिनेसोटातलं रॉचेस्टर. घरामागे पाच कोंबड्या: दोन वायनडॉट, दोन प्लायमथ रॉक, एक पांढरी लेगहॉर्न. एप्रिलमध्ये पिल्लं आणली, आता अंडी देतायत. चार बाय सहा फुटांचं लाकडी खुराडं, उंची सहा फूट. हा पहिलाच हिवाळा. नवऱ्याने ऊब द्यायला २५० वॅटचा लाल दिवा आणून ठेवलाय, ताईंना आगीची धास्ती. नाशिकहून आलेल्या आई म्हणतात, उणे पंचवीसमध्ये मुक्या जिवांना उघडं ठेवणं पाप आहे. मधला मार्ग म्हणून खुराड्याला बाहेरून प्लॅस्टिकची ताडपत्री गुंडाळली आणि सगळ्या फटी फोमने बुजवल्या. आता विचारतायत: दिवा न लावता एवढं पुरेल का?

दिवा नको, इथपर्यंत तुमचं बरोबर आहे. पण ताडपत्री आणि वरच्या बाजूचा फोम या शनिवारीच काढा. तुम्ही थंडीला बाहेर ठेवायला गेलात आणि ओलीला आत कोंडून घेतलंत. आणि थंडीत कोंबडीचा तुरा काळा पडतो तो बहुतेक वेळा ओलीमुळे.

पुढचं सगळं मिनेसोटातच, सेंट पॉलच्या उत्तरेला माझ्या अंगणात तेरा हिवाळे पाच ते नऊ कोंबड्या सांभाळून शिकलेलं आहे. मी पशुवैद्य नाही. हे लागू होतं ते पूर्ण पिसं आलेल्या, निरोगी, मोठ्या कोंबड्यांना. पिल्लांना नाही. पहिल्या आठवड्यातल्या पिल्लाला ३५ अंश सेल्सिअसच्या आसपास ऊब लागते, ती दर आठवड्याला दोन-तीन अंशांनी कमी करत न्यायची असते, आणि अंगावर नीट पिसं यायला सहा आठवडे जातात. तुमच्या तलंगा (नुकत्या अंड्यावर आलेल्या कोंबड्या) एप्रिलच्या आहेत, म्हणजे ती चिंता नाही. शिवाय तुमचं खुराडं टेकाडावर आहे की झाडांच्या आडोशाला, वारा कुठून लागतो, यावरही बरंच अवलंबून आहे.

आता थंडीबद्दल. कोंबडीच्या अंगाचं तापमान ४१ अंशांच्या वर असतं. आपल्याला तेवढा ताप आला तर आपण दवाखान्यात असू. ती उष्णता धरून ठेवायला तिच्याकडे खालच्या मऊ पिसांचा थर असतो. ती पिसं फुलवते आणि त्यांच्यात हवा अडकवून बसते, आपण गोधडीत शिरतो तसं. दोन किलोची कोंबडी साधारण दहा वॅटच्या दिव्याइतकी उष्णता सतत देत असते. पाच कोंबड्या दांडीवर चिकटून बसल्या की पन्नास वॅट झाले, आणि या दिव्याला वायर नाही. निफाडला पारा पाच-सहावर उतरला की पेपरात बातमी येते, लोक शेकोट्या पेटवतात. पण कोंबडीचं त्या थंडीने काही बिघडत नाही. तिचे खरे हाल होतात ते चैत्र-वैशाखात, पारा पस्तीसच्या वर गेला की. ज्याने गावाकडे मे महिन्यात चोच उघडून धापा टाकणाऱ्या कोंबड्या पाहिल्यात, त्याला हे वेगळं सांगायला नको.

३० जानेवारी २०१९ ची रात्र इथल्या कोणालाही विचारा. मिनियापोलिसला पारा उणे २८ फॅरनहाइटवर गेला, म्हणजे सेल्सिअसमध्ये उणे ३३. शाळा बंद, पोस्टाचं वाटपही बंद. माझ्या सात कोंबड्या दिव्याशिवाय खुराड्यात होत्या. रात्री दोनदा उठून गेलो, खोटं कशाला सांगू. सकाळी सातही खाली उतरल्या आणि पाण्यासाठी भांडायला लागल्या. एकीच्याही तुऱ्याला काही झालं नाही.

त्याउलट माझा पहिला हिवाळा. तेव्हा मीही तुमच्यासारखाच सगळ्या फटी बुजवल्या होत्या, खिडकीवर प्लॅस्टिक ठोकलं होतं, छताला आतून फोमचे तुकडे लावले होते. मोठा अभिमान वाटत होता. डिसेंबरात एका सकाळी दार उघडलं तर खिडकीच्या काचेवर आतून बर्फाची जाळी, छताच्या खिळ्यांवर पांढरे दाणे, आणि डोळ्यांत झोंबणारा वास. शेवंता नावाची लेगहॉर्न होती, तिच्या तुऱ्याची चार टोकं राखाडी पडलेली. दोन दिवसांत काळी झाली, पुढे वाळून गळून गेली. त्या रात्री बाहेर होतं फक्त उणे १२. बंद खुराड्यात उणे बारालाच तुरा गेला आणि उघड्या झरोक्यांच्या खुराड्यात उणे तेहतीसला काही झालं नाही, हे कोडं सुटायला मला अख्खा एक हिवाळा लागला.

गणित सोपं आहे. एक कोंबडी दिवसाला पावभर लिटरच्या आसपास पाणी पिते. अंड्यात जाईल तेवढं सोडलं तर बाकीचं सगळं विष्ठेतून आणि श्वासातून बाहेर पडतं. ताज्या विष्ठेचा तीन चतुर्थांश भाग पाणीच असतो. पाच कोंबड्यांचं मिळून दिवसाला लिटरभर पाणी हवेत किंवा खाली पसरलेल्या भुशाच्या गादीत जातं, आणि या दिवसांत त्या चौदा-पंधरा तास दांडीवरच असतात. आता हवेची बाजू बघा. २० अंशांना एक घनमीटर हवा सतरा ग्रॅम वाफ धरू शकते, शून्याला पाच ग्रॅमपेक्षा थोडी कमी, आणि उणे २० ला जेमतेम एक ग्रॅम. तुमच्या खुराड्यात चार घनमीटर हवा आहे. म्हणजे कडक थंडीत त्या अख्ख्या खोलीची ऐपत चार ग्रॅम वाफेची. पाच कोंबड्या तेवढी वाफ नुसत्या श्वासाने तासाभरात सोडतील. उरलेली कुठे जाणार? काचेवर, खिळ्यांवर, आणि तुऱ्यावर. तुऱ्याला आणि चोचीखालच्या लोंबत्या पाळ्यांना पिसं नसतात. ओलं कापड वाऱ्यावर जसं पटकन गारठतं तसं तिथलं ओलं कातडं गारठतं, रक्त पोचत नाही, आणि टोकं मरतात.

आईंची समजूत घालायची असेल तर त्यांना डालगं आठवायला सांगा. माझी आजी थंडीत कोंबड्या बांबूच्या डालग्याखाली झाकायची, वर गोणपाट टाकायची आणि कडेला एक दगड ठेवायची. पोतं आणि बांबू दोन्हींतून हवा जाते. कोंबड्यांना वारा लागायचा नाही आणि वाफही कोंडायची नाही. आजीला यातलं विज्ञान कोणी शिकवलं नव्हतं, पण प्लॅस्टिकचा कागद टाकायची बुद्धी तिला कधी झाली नसती. आई म्हणतात ते झाकणं चुकीचं नाहीच, चुकली ती ताडपत्री.

मग भोकं पाडायची कुठे? इथे दोन गोष्टी वेगळ्या ओळखायला हव्यात: अंगावरून जाणारा झोत आणि डोक्यावरून खेळणारी हवा. झोत वाईट, कारण तो पिसं उचकटतो आणि आत अडकलेली उबदार हवा पळवतो. डोक्यावरची हवा चांगली, कारण उबदार ओलसर हवा वर चढते आणि तिला तिथूनच बाहेर काढायचं असतं. म्हणून झरोके वळचणीखाली, समोरासमोरच्या दोन भिंतींत, दांडीवर बसलेल्या कोंबडीच्या डोक्यापासून निदान फूटभर उंच. किती मोठे? इथले जुने कोंबडीवाले दर कोंबडीमागे एक चौरस फूट सांगतात. तुम्हाला म्हणजे पाच चौरस फूट. ऐकायला भयंकर वाटतं, मलाही वाटलं होतं. मी साडेतीन चौरस फुटांवर थांबलो होतो, पण खिळ्यांवर दहिवर दिसायचं थांबेना, मग वाढवले. वर फळीची झडप बिजागरीवर बसवा, म्हणजे वादळात वाऱ्याकडची बाजू अर्धी बंद करता येईल. इथला बोचरा वारा बहुधा वायव्येकडून येतो, तिकडची झडप आधी लावायची, पण दोन्ही बाजू एकाच वेळी पूर्ण बंद करायच्या नाहीत. खाली, दांडीच्या उंचीपर्यंत, मात्र एकही फट ठेवू नका. तिथला तुमचा फोम राहू द्या. म्हणजे सगळी मेहनत वाया गेली असं नाही.

हे जमलं की नाही ते बघायला माझा उपाय अगरबत्तीचा. वाऱ्याचा दिवस बघायचा, कोंबड्या बाहेर काढायच्या, दांडीच्या उंचीला अगरबत्ती धरायची (खाली लाकडाचा भुसा आहे हे विसरू नका, हातात पाण्याची वाटी ठेवा). धूर शांतपणे वर चढून झरोक्यातून निघून गेला तर उत्तम. आडवा पळाला तर कुठेतरी फट आहे. दुसरी खूण सकाळची. दार उघडल्याबरोबर मान खाली घालून दांडीच्या उंचीला नाक न्या. वास डोळ्यांत झोंबला तर रात्रभर त्या तोच घेत होत्या. अमोनियाने त्यांची श्वासनळी खराब होते आणि मग सर्दी-खोकल्याचे आजार मागे लागतात. हायग्रोमीटर (हवेतला ओलावा मोजायचं यंत्र) घ्यायचा तर दोन घ्या, एक आत एक बाहेर. एकट्या आकड्याला फारसा अर्थ नाही. आतला ओलावा बाहेरच्यापेक्षा फार वर गेला नाही म्हणजे झालं.

दिव्याबद्दल नवऱ्याला काय सांगायचं? आग हे पहिलं कारण, आणि ते खरं आहे. दुकानात मिळतो तो क्लिपचा दिवा, खाली कोरडा भुसा, हवेत पिसांची धूळ, आणि उड्या मारणारे पक्षी. माझ्या ओळखीच्या एका घरी क्लिप घसरली, दिवा गादीवर पडला. घरातलं कोणीतरी योगायोगाने कचरा टाकायला बाहेर आलं म्हणून नुसती गादी जळाली. पण समजा आग लागणारच नाही अशी हमी असली, तरी मी लावणार नाही. कोंबडी ऑक्टोबरपासून थंडीला सरावत जाते, दाट पिसं धरते, खाणं वाढवते. दिव्याखाली ती सवय होत नाही. मग जानेवारीत बर्फाच्या वादळात रात्री दोनला वीज जाते, आणि पाच अंशांना सरावलेली कोंबडी तासा-दोन तासांत उणे पंचवीसला येऊन पडते. दिवा एकदा लावला की मार्चपर्यंत काढता येत नाही.

आता दांडी. कोंबडी झोपते तेव्हा पाय पोटाच्या पिसांखाली येतात, पण तिला सपाट बसता आलं तरच. गोल काठीवर बोटं वळवून बसावं लागतं आणि बोटांची टोकं पुढे उघडी राहतात. म्हणून चार इंच रुंदीची फळी, रुंद बाजू वर करून. कडा पॉलिश पेपरने गोल करा. दर कोंबडीमागे दहा इंच जागा पुरते, आणि थंडीत त्या तेवढीही वापरत नाहीत. दांडी धातूची नको.

दांडीखाली मी एक फळी टाकलीय. रात्रीची विष्ठा सगळी तिच्यावर पडते. इथल्या थंडीत सकाळपर्यंत तिच्या गोट्या होतात, पत्र्याने खरवडून बादलीत टाकायला दोन मिनिटं लागतात. खुराड्यातली निम्मी ओल अशी बादलीतून बाहेर जाते, त्यामुळे हे रोजचं काम मी कधी चुकवत नाही. जमिनीवर लाकडाच्या सालपटांची आठ-दहा इंच गादी. गावाकडे भाताचं तूस वापरतात, तत्त्व तेच. आठवड्यातून दोनदा मूठभर दाणे गादीत फेकायचे, त्या स्वतःच सगळं उकरून वरखाली करतात. पेंढा दिसायला छान पण लवकर ओला होतो आणि चिकटून बसतो. तो मी बाहेर बर्फावर पसरायला ठेवतो, कारण बर्फावर पाय ठेवायला बहुतेक कोंबड्या तयार नसतात आणि दारात उभ्या राहून माझ्याकडे रागाने बघतात.

पाणी हे खरं हिवाळ्याचं काम. बाकी सगळं ऑक्टोबरात एकदा करून मोकळं होता येतं, पाण्याला सुट्टी नाही. उणे वीसला भांडं तासाभरात गोठतं, आणि पाणी नसेल तर कोंबडी खाणं सोडते, खाणं सोडलं की ऊब संपली. दोन मार्ग आहेत. एक, काळ्या रबराच्या दोन पाट्या. सकाळ, दुपार, संध्याकाळ कोमट पाणी भरायचं आणि गोठलेली पाटी उलटी करून लाथ मारायची, बर्फाची भाकर सुटते. रबर फुटत नाही, प्लॅस्टिक फुटतं. तुम्ही दोघंही नोकरी करत असाल तर हे जमणार नाही, मी चार वर्षं करून सोडलं. दुसरा मार्ग म्हणजे कुत्र्यांसाठी मिळतं ते विजेचं पाण्याचं भांडं, जे पाणी फक्त गोठू देत नाही. खुराडं गरम करायचं नाही म्हणून पाणीही गरम करायचं नाही असा माझा हट्ट नाही. मात्र भांडं बाहेरच्या जाळीच्या आवारात, छपराखाली ठेवा. झोपायच्या जागेत नको, कारण तेही वाफच सोडतं. रात्री पाणी लागत नाही, अंधारात त्या पीत नाहीत.

खाण्याचं फार डोकं लावू नका. नेहमीचं अंड्यावरच्या कोंबड्यांचं खाद्य, सोळा टक्के प्रथिनांचं, दिवसभर समोर. थंडीत त्या सव्वापट खातील, खाऊ द्या. संध्याकाळी मूठभर मका, आजी ज्वारी टाकायची तशी. भरल्या पोटी रात्र काढणं सोपं जातं. पण मका वाटीभर झाला की मूळ खाद्य कमी खातात, म्हणून मूठभरच, सगळ्यांत मिळून.

अंडी कमी होतील. ते थंडीमुळे कमी आणि अंधारामुळे जास्त. अंड्यासाठी चौदा तासांच्या आसपास उजेड लागतो, आणि डिसेंबरात आपल्याकडे दिवस पावणेनऊ तासांचा. पहिल्या वर्षाच्या तलंगा बऱ्याचदा तरीही देत राहतात, तुम्हाला कदाचित फरक जाणवणार नाही. मी उजेड वाढवत नाही, त्यांना विश्रांती घेऊ देतो. तुम्हाला वाढवायचाच असेल तर छोटा एलईडी पहाटे लावा, संध्याकाळी नको. संध्याकाळी दिवा अचानक विझला की ज्या खाली असतात त्यांना दांडी सापडत नाही आणि रात्र जमिनीवर काढावी लागते. अंडी दिवसातून दोन-तीनदा गोळा करा, गोठलं की कवच तडकतं.

जातींबद्दल. वायनडॉट आणि प्लायमथ रॉक इथल्या थंडीत मजेत राहतात, वायनडॉटचा तुरा तर डोक्याला चिकटलेला, गुलाबासारखा, त्यामुळे गोठायला फारसं काही नसतंच. थंडीसाठी मुद्दाम तयार केलेली जात म्हणजे क्यूबेकची शांतेक्लेर. ओका इथल्या मठात ब्रदर विल्फ्रिड शातेलेन यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला संकर करून ती घडवली, तुरा आणि गळ्याखालच्या पाळ्या जवळजवळ नसल्यासारख्या. ब्रह्मपुत्रेवरून नाव पडलेली ब्रह्मा जातही दांडगी आहे, फक्त तिच्या पायांवरच्या पिसांना ओल्या बर्फाचे गोळे चिकटतात. सिल्कीच्या वाटेला जाऊ नका. तिची पिसं केसांसारखी असतात, ती भिजतात आणि ऊब धरत नाहीत.

राहिली तुमची लेगहॉर्न. मोठा, पातळ, एका बाजूला कललेला तुरा. झरोके नीट केल्यावरही उणे तीसच्या रात्री तिच्या टोकांना थोडं काही होऊ शकतं. व्हॅसलीन लावावं का, असं पुढचा प्रश्न येईलच. मी दोन हिवाळे लावलं, फरक दिसला नाही, कोंबडी पकडण्याची दमछाक तेवढी झाली. टोकं काळी पडली तर चोळू नका, गरम पाण्याने शेकू नका, कापू नका. खालचा भाग ती वाळलेली टोकंच राखतात, मग आपोआप गळतात. फुगलं, पाणी सुटलं किंवा पायाची बोटं काळवंडली तर पशुवैद्याला दाखवा.

मी कोंबडीला घरात आणतो ती तीनच वेळा: आजारी असेल, भिजली असेल, किंवा नोव्हेंबरात उशिरा पिसं टाकून अर्धी उघडी पडली असेल. आणली की तळघरात, गार कोपऱ्यात, आणि परत पाठवताना एकदम नाही, दोन-तीन दिवस गॅरेजमध्ये थांबवून.

आधी काय करायचं ते विचाराल तर झरोके. थँक्सगिव्हिंगनंतर, म्हणजे नोव्हेंबर संपताना, उघड्यावर हातमोजे घालून प्लायवूड कापायचं काम मी एकदा केलंय, तुम्ही करू नका. ताडपत्री फेकू नका, ती आवाराच्या वायव्य बाजूला वाऱ्याच्या आडोशाला लावा, कोंबड्या तिच्यामागे दिवसभर उन्हात बसतील. आणि झरोक्यांना अर्ध्या इंचाची वेल्ड केलेली जाळी लावा, षटकोनी भोकांची कोंबडी-जाळी नको. त्या भोकातून वीझल नावाचा छोटा शिकारी प्राणी आत येतो. मुंगसाच्या निम्म्यानेही नसतो तो, पण एका रात्रीत पाचही संपवतो.